सहीऐवजी प्रश्न

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. पुढचे चार दिवस वर्तमानपत्रं आणि मोबाइल त्यांच्या छायाचित्रांनी भरून गेले होते. 'आइनस्टाइनला आव्हान देणारा मराठी माणूस', 'महाराष्ट्राचा अभिमान' वगैरे वगैरे. वाचून बरं वाटलं, आणि थोडी चुटपुटही लागली. कारण नेमकी हीच विशेषणं मी शाळकरी वयात, साठ वर्षांपूर्वी ऐकली होती. मधल्या साठ वर्षांत या माणसाने आपल्यासाठी जे काम केलं, ते या विशेषणांत कुठेच बसत नाही. किंबहुना ते काम या विशेषणांच्या उलट दिशेने जाणारं होतं असं माझं मत आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. मी विज्ञानाचा माणूस नाही. शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यामुळे समीकरणं बाजूला ठेवून, इतिहासाच्या अंगाने लिहितो.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख प्राध्यापक, तर आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. शाळा बनारसला, हिंदी माध्यमातून. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि पुढे सारं इंग्रजीत. घराच्या भिंतीवर मुलांसाठी फळे लावलेले होते. मोरेश्वर हुजूरबाजार नावाचे मामा काही काळ शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहत होते. हे मोरूमामा फळ्यावर भाच्यासाठी गणिताचं एखादं कोडं लिहून ठेवत आणि वर लिहीत की हे 'जविना'साठी आव्हान आहे. भाचा ते सोडवीपर्यंत, किंवा हार मान्य करीपर्यंत, ते पुसलं जात नसे. उत्तर आयतं मिळत नसे.

वाचकहो, हा फळा लक्षात ठेवा. मला तरी पुढचा सगळा प्रवास त्या फळ्यावरूनच उलगडतो असं वाटतं.

१९५७ साली बी.एस्सी. करून जयंतराव केंब्रिजला गेले आणि तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले. आजच्या पिढीला या शब्दाचं वजन कळणार नाही. आमच्याकडे 'रँग्लर' ही जवळजवळ पदवीच होती, नावाआधी लावायची. रँग्लर परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या देव्हाऱ्यात या शब्दाला जागा होती. पण नारळीकर परीक्षेतल्या यशावर थांबले नाहीत. फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन सुरू केलं आणि १९६३ साली पीएच.डी. मिळवली.

हे हॉइल म्हणजे एक अजब रसायन होतं. १९४८ साली त्यांनी, आणि स्वतंत्रपणे बाँडी व गोल्ड यांनी, 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं आहे, पण त्याला आरंभ नाही. तारकासमूह एकमेकांपासून दूर जातात आणि मधे नवं द्रव्य अगदी सावकाश निर्माण होत राहतं, म्हणून विश्वाचा तोंडवळा कायम तसाच दिसतो. याउलट दुसरा पक्ष म्हणत होता की विश्व एका क्षणी, एका स्फोटातून सुरू झालं. गंमत म्हणजे या विरोधी पक्षाच्या सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव हॉइल यांनीच दिलं, १९४९ साली बीबीसी रेडिओवरच्या एका भाषणात! हे गृहस्थ रेडिओवरून सर्वसामान्य लोकांना खगोलशास्त्र समजावून सांगत, विज्ञान कादंबऱ्या लिहीत आणि तेवढ्याच जोरात मूलभूत संशोधनही करत. लोकांसाठी लिहिणं म्हणजे शास्त्रज्ञाने पायरी उतरणं, असं न मानणारा गुरू नारळीकरांना ऐन उमेदीत भेटला.

गुरूने शिष्याला पाण्यात ढकललं तेही लवकरच. फेब्रुवारी १९६१ मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेच्या आधारे 'स्थिर स्थिती' चुकीची ठरते असं जाहीर केलं. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत याला उत्तर द्यायचं होतं आणि हॉइल यांना त्याच वेळी दुसरीकडे जायचं होतं. मग संशोधनाला लागून वर्षही न झालेला बावीस वर्षांचा विद्यार्थी उभा राहिला आणि दोघांनी मिळून केलेलं काम त्याने दिग्गजांसमोर मांडलं. वय, मान, हुद्दा यांतलं काही त्याच्याजवळ नव्हतं. होती ती फक्त मुद्द्याची बाजू.

आता १९६४ कडे येतो. त्या जूनमध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. मला समजला तेवढा सांगतो. बस एकदम सुटली की आपण मागे रेलतो. आपलं शरीर हलायला नाखूष असतं, त्याला जडत्व म्हणतात. हे जडत्व वस्तूला येतं कुठून? ते तिचं स्वतःचंच आहे, असं आपण गृहीत धरतो. माख नावाच्या विचारवंताचं म्हणणं होतं की तसं नाही. विश्वातल्या उरलेल्या सगळ्या द्रव्यामुळे ते येतं. सारं विश्व रिकामं करून एकच दगड ठेवला, तर त्याच्या जडत्वाला अर्थच उरणार नाही. हा विचार हॉइल-नारळीकरांनी गणितात बांधला. आइनस्टाइन त्यात खोटा ठरत नव्हता. विश्वात भरपूर द्रव्य आहे म्हटल्यावर त्यांची समीकरणं आइनस्टाइनच्या समीकरणांशी जुळत होती. एक पाऊल मागे जाऊन पाया खणण्याचा तो प्रयत्न होता.

पण इकडे काय झालं? तो काळ आठवा. चीनच्या युद्धातला पराभव ताजा. २७ मे १९६४ ला नेहरू गेलेले. देश खचलेला आणि दोनच आठवड्यांनी लंडनहून बातमी येते की पंचविशीतल्या एका भारतीय पोराने आइनस्टाइनच्या पुढे मजल मारली! मग काय विचारता. जानेवारी १९६५ मध्ये पद्मभूषण जाहीर झालं. वय सव्वीस. त्या वर्षी ते भारतात आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटली. त्या गर्दीतल्या शेकडा किती जणांना 'माखचं तत्त्व' कळलं असेल? पण ते कळावं म्हणून लोक आलेच नव्हते. ते आले होते दर्शनाला. आमच्या शाळेतही मास्तरांनी वर्गात नाव सांगितलं, टाळ्या झाल्या. त्या माणसाने केलं काय, हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

इतिहासाचा एक योगायोग इथे नोंदवतो. ज्या १९६५ साली भारतात हा जयजयकार चालला होता, त्याच साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखंच येणारं सूक्ष्मलहरींचं मंद प्रारण सापडल्याचं जाहीर केलं. हा महास्फोटाचा शिल्लक राहिलेला धुगधुगता निखारा आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञांनी मानलं आणि हॉइल यांच्या 'स्थिर स्थिती'चा पक्ष झपाट्याने रिकामा झाला. म्हणजे ज्या वर्षी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच वर्षापासून विश्वशास्त्रात ते अल्पमतात गेले आणि अखेरपर्यंत अल्पमतातच राहिले. आपल्याकडच्या गौरवलेखांत ही गोष्ट सहसा नसते. असायला हवी, कारण त्यांची खरी उंची तिथेच कळते.

१९७२ साली केंब्रिज सोडून ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. बरोबर पत्नी मंगलाताई होत्या. त्याही गणितज्ञ. आणि दोनच वर्षांनी त्यांनी एक मजेदार उद्योग केला. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली. पण आपलं नाव पाहून परीक्षक भारावतील, म्हणून टोपणनाव घेतलं: नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा, ज. वि. ना.! हस्ताक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी केली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

हा किस्सा आता सर्वांना पाठ आहे आणि हसून सोडून दिला जातो. मला मात्र त्यात एक कडक तत्त्व दिसतं. पद्मभूषण मिळालेल्या माणसाने कथा पाठवली असती तर ती छापून आलीच असती. त्यांना ते नको होतं. कथा चांगली आहे की नाही हे नाव झाकून ठरावं, एवढीच अट. विज्ञानात जिला परीक्षा म्हणतात तीच परीक्षा त्यांनी स्वतःच्या कथेला लावली.

मराठीला ज्यूल व्हर्न परका नव्हता. भा. रा. भागवतांनी तो आमच्या पिढीच्या हाती दिला होता. पण आपल्या माणसांची, आपल्या गावांची, अस्सल विज्ञानावर उभी असलेली कथा हा प्रकार रुळला तो नारळीकरांमुळे. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस'... ग्रंथालयातल्या या पुस्तकांचे पुठ्ठे निघेपर्यंत मुलांनी ती वाचली. भाषा साधी. पात्रं क्वचित पुठ्ठ्याची वाटतात, हे समीक्षकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण कल्पना भक्कम.

इतिहासाच्या शिक्षकाला त्यांची एक कथा फारच जवळची आहे. ती म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नसती तर? इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे मराठे १७६१ ची लढाई जिंकलेले आहेत. पुढे या गोष्टीचा उलगडा पुंजवादाच्या अंगाने होतो. मी नववी-दहावीच्या वर्गांना ही कथा सांगत असे. मुलं आधी मराठे जिंकले म्हणून खूश होत. मग एखादा हळूच विचारी, "सर, एका गोळीने एवढं सगळं बदलतं?" तिथून खरा तास सुरू व्हायचा. कारण म्हणजे काय, निमित्त म्हणजे काय, गोळी लागली नसती तरी उपाशी फौजेचं काय झालं असतं? पाठ्यपुस्तकातल्या धड्याने असे प्रश्न मला क्वचितच मिळवून दिले. याच कथेचं संक्षिप्त इंग्रजी रूप पुढे एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं.

आता शीर्षकाकडे वळतो. नारळीकर कुठे व्याख्यानाला गेले की मुलांचा घोळका वह्या घेऊन सहीसाठी धावायचा. ते सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. आणि खरोखरच पाठवत. पंधरा पैशांच्या कार्डावर! एवढ्या व्यापातल्या माणसाने हा नसता उद्योग मागे का लावून घेतला असेल? मला वाटतं, १९६५ ची ती गर्दी ते विसरले नव्हते. सही म्हणजे दर्शनाचा प्रसाद. ती घेणाऱ्याला काही करावं लागत नाही. प्रश्न लिहायचा तर आधी विचार करावा लागतो. मोरूमामांचा फळाच तो, फक्त उलटा फिरवलेला. आता कोडं मुलांनी घालायचं आणि सोडवायचं यांनी.

हेच सूत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'आयुका'तही दिसतं. ते तिचे संस्थापक संचालक होते, २००३ पर्यंत. विद्यापीठ अनुदान आयोगाची ही संस्था गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. मोठ्या शास्त्रज्ञांसाठी आणखी एक मठ बांधायचा, असा तिचा हेतू नव्हता. गावोगावच्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत खगोलशास्त्र शिकवणाऱ्या, पण हाताशी धड ग्रंथालय नसलेल्या प्राध्यापकाने इथे यावं, राहावं, काम करावं आणि परत जाऊन आपल्या मुलांना शिकवावं. इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली. आत फूकोचा लंबक आहे, अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. पण मला त्याहून थोर वाटतो तो तिथला दुसऱ्या शनिवारचा शिरस्ता. त्या दिवशी शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञांची व्याख्यानं होतात, इंग्रजीत आणि मराठी किंवा हिंदीतही. आमच्यासारख्या मराठी शाळांतली पोरं संशोधन संस्थेच्या मऊ खुर्च्यांवर बसून आपल्या भाषेत कृष्णविवर ऐकतात, याची किंमत शिक्षकालाच कळेल. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून तिथे 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. तिच्या वास्तूचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा आणि त्यात लपलेले 'पुल'. नामकरण असावं तर असं! तिथेच अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची ट्यूब, जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि मुलांकडून करून घेतली.

मात्र 'प्रश्न विचारा' हे सांगणं मुलांपुरतं ठेवलं की गोड लागतं. मोठ्यांना विचारलं की बोचतं. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं. नारळीकरांनी जाहीर विरोध केला. हे ज्योतिष वैदिकही नाही आणि विज्ञानही नाही, अशी मांडणी करणारा लेख लिहिला. लक्षात घ्या, ते स्वतः त्याच आयोगाच्या संस्थेचे संचालक होते. गप्प बसण्याला पुरेसं कारण होतं.

नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. २००८ साली नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी एक चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका केल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना आवाहन केलं की प्रत्येकाने चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगावं. नाणं उडवून सांगितलं तरी साधारण वीस बरोबर येतील. दावा खरा मानायला अठ्ठावीस हवेत. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त गुण चोवीस, दोघांना बावीस आणि बाकी सगळे वीस किंवा त्याखाली. एका ज्योतिष संस्थेला दोनशेच्या दोनशे पत्रिका दिल्या होत्या. तिची एकशे दोन उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाण्याइतकीच.

यात मला आवडतं ते असं, की कुणाला शिव्या नाहीत, कुणाची टिंगल नाही. तुमचा दावा आहे ना, मग ही घ्या पत्रिका. 'कृष्णविवर'वरचं नाव झाकलं होतं, तशीच इथेही मुलांची नावं झाकलेली. पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, त्याच पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत आपल्या समाजात काय असू शकते, हे त्या सकाळी कळलं.

आता त्या अल्पमताकडे परत येतो. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुना सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. विश्वाला आरंभ नाही, ते दीर्घकाळ प्रसरण पावतं आणि त्यातच आंदोलनं होत असतात, द्रव्य छोट्या छोट्या स्फोटांतून निर्माण होतं. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. आजही पुराव्याचं पारडं महास्फोटाकडेच झुकलेलं आहे. जीवसृष्टीचे अंश अंतराळातून येत असतील का, या हॉइल यांच्या कल्पनेच्या तपासासाठी त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून मोठे बलून सोडण्यात आले. एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतची हवा आणून तपासली. सूक्ष्मजंतू सापडले. त्यांतल्या नव्या तीन जातींपैकी एकीला हॉइल यांचं, एकीला आर्यभटांचं, तर एकीला इस्रोचं नाव मिळालं. पण ते अंतराळातूनच आले, हे काही सिद्ध झालं नाही.

कोणी म्हणेल, मग हा माणूस हट्टीच नव्हता का? कदाचित असेल. पण हट्टाचेही प्रकार असतात. 'मी म्हणतो म्हणून' असा एक हट्ट असतो. 'पुरावा दाखवा, तोवर दुसरी शक्यता उघडी ठेवा' असा दुसरा. नारळीकर सभांत उभे राहिले, निबंध लिहिले, टीका ऐकली आणि स्वतःच्या सिद्धांताच्या परीक्षा स्वतःच सुचवल्या. आपल्या लोकप्रियतेचं वजन त्यांनी कधी त्या पारड्यात टाकलं नाही. महाराष्ट्रात त्यांचा शब्द झेलायला लाखो लोक होते. पण विश्वाचा आरंभ टाळ्यांनी ठरत नाही, हे त्यांना १९६५ पासून ठाऊक होतं. मला वाटतं, अल्पमतात राहिल्यामुळेच ते इतके चांगले लोकशिक्षक झाले. ज्याला रोज स्वतः प्रश्नांना तोंड द्यावं लागतं, तो दुसऱ्याच्या प्रश्नावर चिडत नाही.

या सगळ्याचा उपयोग किती झाला? १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाला रस्ते ओस पडले होते. लोकांनी घरात बसावं म्हणून दूरदर्शनने सिनेमा दाखवला. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, हजारो लोक मुद्दाम प्रवास करून ग्रहण पाहायला गेले. हे एकट्या नारळीकरांचं श्रेय नव्हे. विज्ञान परिषदा, खगोल मंडळं, हौशी आकाशनिरीक्षक, कितीतरी शिक्षक यांनी ते केलं. पण वारं फिरलं होतं हे नक्की. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद प्रथमच एका वैज्ञानिकाकडे गेलं. प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत, भाषण मात्र पोचलं. आणि तरीही आज उपग्रह सोडल्याची बातमी आणि त्यामागचं आपलं पुरातन ज्ञान सांगणारा मजकूर एकाच मोबाइलवर, एकाच सकाळी येतो. दोन्हींना तेवढेच नमस्कार पडतात.

म्हणून म्हणतो, नारळीकरांचा अभिमान बाळगणं सोपं आहे. अभिमानाला पोस्टकार्ड लागत नाही. त्यांची 'आकाशाशी जडले नाते' किंवा 'चार नगरांतले माझे विश्व' ही पुस्तकं घरात असतील तर मुलांच्या हाती द्या, पण नुसतं 'थोर माणूस होता' म्हणून नको. वाचून झाल्यावर त्यातलं काय पटलं नाही ते त्यांना विचारा. पटलं नाही असं काही सांगितलं, तर पुस्तक नीट वाचलं असं समजायला हरकत नाही.